बर्फात खेळायचं आणि मग हॉट चॉकलेट: कोकणातल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "यंदा पोरांना बर्फ दाखवायचाय, काय काय घ्यायचं?" प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते. सगळ्यांना धास्ती थंडीची असते. माझ्या मते थंडीपेक्षा ओलं होण्याची काळजी करा. कोरडं पोर उणे पाचात तासभर मजेत खेळतं, ओले मोजे घातलेलं पोर दहा मिनिटांत रडायला लागतं. खालची निम्मी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

कोकणात बर्फ का पडत नाही? दापोलीला तर चांगली थंडी असते.

दापोलीची थंडी खरी आहे, पण ती पहाटेची. बर्फ पडायला ढगापासून जमिनीपर्यंतची हवा शून्याच्या आसपास लागते. आपल्याकडे समुद्र हिवाळ्यातही कोमट असतो आणि किनाऱ्याला फार गार होऊ देत नाही. शून्य अंशाची हवा आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटर उंचीवर असते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच. गंमत म्हणजे पावसाळ्यातल्या उंच ढगांच्या माथ्यावर हिमकण तयार होत असतात. खाली येता येता ते वितळतात. म्हणजे आषाढात आपल्या कौलांवर पडणारे काही थेंब वर असताना बर्फच होते. मुलांना हे सांगून बघा, पावसाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात.

महाबळेश्वरला बर्फ पडतो म्हणून दर वर्षी बातमी येते. तिथेच गेलं तर?

ते दव गोठलेलं असतं. वेण्णा तलावाच्या आसपास, लिंगमळ्याकडे, गाड्यांच्या टपांवर, गवतावर पहाटे पांढरा थर दिसतो आणि ऊन आलं की जातो. फोटोपुरतं ठीक. त्यात गोळा करून मारता येत नाही.

मग कुठे जावं, आणि केव्हा?

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी मनाली किंवा गुलमर्ग सांगते. मनाली गाव २०५० मीटरवर आहे, सोलंग खोरं २५०० मीटरच्या आसपास. गावात बर्फ नसला तरी सोलंगला मिळण्याची शक्यता जास्त. २०२० साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलात गेलं की सिस्सूला बर्फ अनेकदा अजून चांगला असतो, पण हवामान बिघडलं की तो रस्ता बंद करतात. बोगद्याच्या भरवशावर सगळा बेत रचू नका. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे आणि तिथला बर्फ जास्त खात्रीचा.

नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांची हमखास निराशा होते. हा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे तिकडून सरकत येणाऱ्या वादळी हवेमुळे पडतो, आणि ते विक्षोभ काही शाळेचं वेळापत्रक बघून येत नाहीत. काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, चिल्लई कलान, सुरूच २१ डिसेंबरला होतो. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा उत्तम काळ. शाळा बुडते, हे मान्य. प्राथमिक शाळेतलं पोर असेल तर बुडवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मे महिन्यात जमेल का?

आंब्याची बाग असेल तर तुम्हीच हसाल या प्रश्नावर. बाकीच्यांसाठी: मेमध्ये सोलंग हिरवंगार असतं. बर्फ बघायला रोहतांगला, म्हणजे ३९७८ मीटरवर जावं लागतं. तिथे परवाना लागतो, दिवसाला ठरावीक गाड्याच सोडतात आणि मंगळवारी पर्यटकांना खिंड बंद असते. बर्फही जुना, काळवंडलेला, टणक. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत निघणार असाल तर हिमाचलात दरडी कोसळण्याचे दिवस असतात. तेव्हा नकोच.

रत्नागिरीहून सोपा मार्ग कोणता?

मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस किंवा तिरुवनंतपुरम राजधानी, दोन्ही रत्नागिरीला थांबतात आणि दिल्लीत हजरत निजामुद्दीनला सोडतात. तिथून काश्मिरी गेटला जाऊन रात्रीची बस, सकाळी मनाली. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना गोव्यातलं मोपाचं विमानतळ जवळ पडतं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर निदान एका बाजूनं विमान बघा. बसमधली घाटातली रात्र सगळ्यांना झेपत नाही.

कपडे किती घ्यायचे? आमच्याकडे स्वेटरसुद्धा धड नाही.

सहा स्वेटर घेऊ नका. तीन थर पुरतात. आत अंगाला चिकटून बसणारे थर्मल. मध्ये लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस. वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन आत घातला की घाम तिथेच मुरतो, वाळत नाही, आणि थांबल्यावर पाठ गार पडते. एरवी सुती कपड्याला पर्याय नाही, पण इथे तो घरी ठेवा.

मनालीहून सोलंगला जाताना रस्त्याच्या कडेला स्नो ड्रेसची दुकानं लागतात. अंगभर सूट आणि बूट भाड्यानं मिळतात. घासाघीस करा. सूट घेण्याआधी चेन लागते का आणि गुडघ्याला फाटलाय का ते बघा, आतून आधीच्या माणसाचा ओलावा राहिलाय का हे हात घालून बघा. बूट भाड्याचा घ्या, मोजे स्वतःचे.

हातमोजे मात्र प्रत्येकी दोन जोड, आणि त्यातला निदान एक तरी पाणी न शिरणारा. बाजारातले विणलेले लोकरीचे मोजे गोंडस दिसतात. मूल बर्फाचे दोन-तीन गोळे करतं तोवर लोकरीच्या धाग्यांवर बर्फाचे बारीक मणी धरतात, मग ते हाताच्या उबेनं वितळून आत झिरपतात, आणि मोजा पिळला तर पाणी गळतं. तिथेच रडारड सुरू होते. दुसरी कोरडी जोडी आईच्या जाकिटाच्या आतल्या खिशात असली की खेळ पुढे चालू.

पावसाळ्यातले गमबूट आणि रेनकोट चालतील?

गमबूट चालतात, अटीवर. पाणी ते उत्तम अडवतात पण ऊब अजिबात धरत नाहीत. आत दोन जाड मोजे मावतील इतके सैल असले पाहिजेत. घट्ट बुटात बोटं आधी गारठतात. तळव्याची नक्षी झिजलेली असेल तर नेऊ नका, घसराल. रेनकोटपैकी पँट फार कामाची. लोकरीच्या पँटवर ती चढवली की मूल खुशाल घसरगुंडी खेळतं. जाड प्लॅस्टिकचा रेनकोट मात्र थंडीत कडक होतो.

खोबरेल तेल न्यायचं का?

न्या, पण रुंद तोंडाच्या बरणीतून. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं, तिकडे बाटलीतून थेंब निघणार नाही. ओठांना, गालांना लावायला ते छान. उन्हापासून वाचायला त्याचा उपयोग नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर हजार मीटरला ती किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावायचं. काळा चष्मा सगळ्यांना, तान्ह्यांनाही.

आजी-आजोबांना न्यावं का?

मनालीपर्यंत बहुतेकांना त्रास होत नाही. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो: डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा ठीक, दुसरा जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. हृदयाचं किंवा दम्याचं दुखणं असेल तर तिथे नको, आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. अगदी लहान बाळालाही तिथे नेऊ नका, त्याला काय होतंय ते सांगता येत नाही. त्रास झालाच तर "थोडं बसू, बरं वाटेल" म्हणू नका, खाली उतरा.

आणखी एक, हे कळकळीनं सांगते. हॉटेलात ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवू नका. तो धूर नसलेला वायू झोपेत जीव घेतो. पांघरूण जास्त मागा.

मुलांनी तिथे नेमकं करायचं काय? फोटो काढून झाले की कंटाळतात.

मोठी माणसं कंटाळतात. मुलांना फक्त बर्फ कसा आहे ते कळायला हवं. कडाक्याच्या थंडीत पडलेला बर्फ भुसभुशीत असतो, मुठीत दाबला तरी सुटा राहतो. त्याचा माणूस होत नाही, कितीही ओरडा. त्या दिवशी घसरगुंडी करा, ट्यूबवर बसून उतारावरून या, पाठीवर पडून हातपाय हलवून छाप उमटवा. दुपारी ऊन पडून बर्फ शून्याच्या आसपास आला की त्यात थोडं पाणी सुटतं आणि तो ओल्या वाळूसारखा वळतो. तेव्हा माणूस करायचा. बर्फातून खालच्या उतारावर गोळा लोळवत न्यायचा, तो आपोआप मोठा होतो.

पण माझ्या मते आपल्या मुलांनी किल्लाच करावा. दिवाळीत अंगणात मातीचा करतात, हात बसलेला असतो. घरून एक प्लॅस्टिकची बादली आणि दोन स्टीलचे पेले न्या. बादलीत बर्फ ठासून उपडा केला की बुरूज, पेल्यांचे छोटे बुरूज, हातानं तटबंदी, मधोमध काडीवर भगवा. माची काढायची की नाही यावर वाद होतो आणि त्यात तास जातो. मावळे नेले असतील तर मोजून परत घ्या, पांढऱ्यात हरवतात. नंतर दोन गट करून गोळ्यांची लढाई. नियम दोनच: तोंडावर मारायचं नाही, आणि टणक बर्फाचा गोळा करायचा नाही.

भुरभुर सुरू असेल तर काळ्या स्वेटरची बाही पुढे धरायला सांगा. एखादा कण न वितळता टेकला तर डोळ्यांनाही सहा पाकळ्या दिसतात, भिंग असेल तर पाकळीला फुटलेले बारीक फाटेसुद्धा. श्वास लागला की गेला. अमेरिकेत व्हर्मॉन्टमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्यानं १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून अशा कणांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर हजारो काढले.

बर्फ खाल्ला तर चालतो का?

नाही. घोडे, गाड्या, शेकडो माणसं तिथूनच गेलेली असतात.

किती वेळ खेळू द्यायचं?

घड्याळ लावू नका, हात बघा. मधूनमधून एक मोजा काढून बोटं तपासा. लाल आणि गार असतील तर आत जाऊन ऊब द्या. पांढरट पडली आणि चिमटा कळत नसेल तर खेळ संपला. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. संवेदना परत आली नाही तर डॉक्टर. आणि मूल कुडकुडायचं थांबून गप्प, पेंगुळलेलं झालं तर ते शांत झालंय असं समजू नका, ती धोक्याची खूण आहे.

परतल्यावर क्रम असा: आधी ओले कपडे उतरवा, अंग पुसा, कोरडे मोजे चढवा, मग कप हातात द्या. बधिर बोटांना कप किती गरम आहे ते समजत नाही, म्हणून पहिला घोट मोठ्यांनी चाखून बघायचा.

यंदा जाणं जमत नाही. घरच्या घरी काही?

किनाऱ्यावर राहतो याचा फायदा घ्या. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण, जिथे होड्या लागतात तिथे जवळपास बर्फाचा कारखाना असतोच. लादी यंत्रात घालून होड्यांसाठी चुरा करतात. ओळखीनं एखाद-दोन क्रेट चुरा आणा, अंगणात ताडपत्रीवर ओता, आणि किल्ला करा. आमच्या आळीत हा उद्योग झाला तेव्हा मुलांपेक्षा काकाच जास्त वेळ बसले होते. तो माशांसाठीचा बर्फ आहे, तोंडात जाऊ द्यायचा नाही. हातमोजे आणि गमबूट इथेही हवेत, कारण चुऱ्याच्या कडा टोचतात.

त्याच चुऱ्यात जाडं मीठ मिसळून पॉटचं आईस्क्रीम फिरवता येतं. मिठामुळे तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, म्हणून त्या मिश्रणात मुलांना हात घालू देऊ नका, कातडीला इजा होते. आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण घट्ट हवं, खारं पाणी आत गेलं तर सगळं वाया.

आता हॉट चॉकलेट. चार जणांसाठी नेमकं माप द्या.

दूध पाऊण लिटर. साखर न घातलेली कोको पावडर चार मोठे चमचे. साखर चार ते पाच मोठे चमचे. डार्क चॉकलेट साठ ग्रॅम, बारीक चिरून. कॉर्नफ्लोअर दोन छोटे चमचे. मीठ चिमूटभर.

पातेल्यात कोको, साखर, मीठ घ्या आणि अर्धी वाटी उकळतं पाणी थोडं थोडं घालत घोटा. सुरुवातीला कोको पाण्यावर तरंगतो, कडेला पळतो, कोरडाच राहतो. घोटत राहिलं की एका क्षणी रंग बदलून गडद, चकचकीत होतो आणि चमच्यावरून सलग धार पडते. तिथपर्यंत दूध घालायचं नाही. मग मंद आचेवर दोन मिनिटं शिजवा, कच्चट वास जातो. आता दूध ओता. कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून घाला, ढवळत एक उकळी आणा. गॅस बंद करून चॉकलेट टाका, मिनिटभर झाकून ठेवा, आणि रवीनं घुसळा. होय, ताकाच्या लाकडी रवीनं, धुऊन वाळवलेल्या. मेक्सिकोत चॉकलेट फेसाळायला अशाच दोन तळव्यांत फिरवायच्या लाकडी घुसळणीचा वापर करतात. फेस इतका सुंदर येतो की महागड्या यंत्राची आठवण होत नाही.

माझ्या दुधात नेहमी गुठळ्या राहतात.

कोको थेट दुधात टाकताय. त्यात कोकोचं तूप असतं, ते पाण्याला लांब ठेवतं. वर सांगितल्याप्रमाणे आधी उकळत्या पाण्यात घोटा.

ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा चालत नाही का?

चालतो, पण त्यात साखरच जास्त असते. वरची साखर मग घालू नका. साधी कोको पावडर म्हणजे कोकोच्या बियांतलं बरंचसं तूप दाबून काढून उरलेल्या पेंडीची पूड. ते दाबयंत्र हॉलंडच्या व्हॅन हौटेन यांनी १८२८ मध्ये आणलं. त्याआधी चॉकलेट प्यायचं म्हणजे वर तुपाचा तवंग ठरलेलाच.

साखरेऐवजी गूळ? दुधाऐवजी नारळाचं दूध? आणि कोकम?

गूळ छान लागतो, पण उकळत्या दुधात टाकलात तर दूध फाटतं. खाली उतरवून जरा निवल्यावर किसलेला गूळ घाला. नारळाचं पहिलं, घट्ट दूध शेवटी घाला आणि पुन्हा उकळू देऊ नका, नाहीतर तेल सुटून फुटतं. अर्धं गाईचं, अर्धं नारळाचं हे प्रमाण मला सर्वांत आवडतं. कोकम नको. आंबट पडलं की दूध नासलं. कोकम सोलकढीत शोभतं.

जायफळ, दालचिनी किती?

चार कपांना जायफळ सहाणेवर दोन वळसे, बस. हौसेनं चमचाभर घातलं तर मळमळ, चक्कर, धडधड होऊ शकते, आणि मुलांना तर फारच जपून. वाडीत नारळाखाली जायफळ असेल तर घरचंच वापरा. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली ‘कोकण सुगंधा’ ही जात अनेकांकडे आहे. दालचिनीची त्यांची ‘कोकण तेज’ जात पातळ सालीची, गोडसर. बाजारातली जाड, टणक साल बहुतेक वेळा दुसऱ्याच झाडाची असते आणि ती जिभेला चरचरते. ती घ्यायची तर अर्धा तुकडाच दुधात उकळा आणि काढून टाका.

मनालीच्या हॉटेलात करता येईल?

कोको, साखर, दूध पावडर आणि चिमूटभर मीठ घरीच मिसळून बरणीत भरून न्या. किटलीतलं उकळतं पाणी घालून थर्मासात हलवा. तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, कोकोला तेवढं पुरतं. चहाला मात्र घरची चव येत नाही अशी तक्रार आजोबा करणार, ते धरून चाला.

कोकणात हे प्यायचं कधी? आपल्याकडे थंडी असते किती!

डिसेंबरातल्या चार पहाटा सोडा. खरा हंगाम जुलै. शाळेतून चिंब भिजून पोरं येतात, छत्री उलटलेली, दप्तर ओलं, पडवीत कपडे वाळत नाहीत. टॉवेल, कोरडा सदरा आणि कप.

पावसाळ्यात कोको पावडरीचे गड्डे होतात, उन्हाळ्यात चॉकलेट वितळतं.

कोको घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, चमचा पूर्ण कोरडा. चॉकलेटमधलं कोकोचं तूप ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आपल्याकडचा मे त्याला झेपत नाही. डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. वर पांढुरकी साय आली तरी ते खराब झालेलं नसतं, तूप वर आलेलं असतं. पातेल्यात काही फरक पडत नाही.

वरचे ते मार्शमेलो शाकाहारी असतात का?

बहुतेकांत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. किंवा सोडून द्या, दुधावरची साय घाला.

उपवासाला चालेल?

घरच्या मोठ्यांना विचारा. कॉर्नफ्लोअर तरी नक्कीच वगळा.

लहान मुलांना रात्री द्यावं का?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. त्याहून मोठ्या मुलांना छोटा कप, संध्याकाळी. कोकोत थोडं कॅफिन असतं, काही मुलं त्यानं जागी राहतात.

कुत्र्याला उरलेलं घातलं तर?

अजिबात नाही. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी ठरतं. पातेलंही चाटायला खाली ठेवू नका.

उरलं तर दुसऱ्या दिवशी चालतं?

साध्या दुधाचं असेल तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गार झालं की घट्ट होतं, थोडं दूध घालून मंद आचेवर गरम करा आणि पुन्हा रवी फिरवा. नारळाचं दूध घातलेलं ठेवू नका. ते त्याच दिवशी प्यायचं, शेजारी एक कप पाठवावा लागला तरी.